पाऊणकी

आज्याला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते.
तेही सगळे नाहीत. पाऊणकी.
एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन.
बांधावर मला पुढे घालून चालायचा,
चुकले की पाठीत एक चापट, हलकी, चिखलाची.

"तिथीची पाऊणपट कर गो बाय,
तवरं वाजलं का भरती."
अष्टमी, सहा.
द्वादशी, नऊ.
शाळेत सांगितलं तर बाई हसल्या,
खाडीला काय घड्याळ कळतं?
मी म्हटलं, खाडीला नाही, आज्याला.

हासुराम गोमा मढवी, गोठिवली.
गावकीनं नेमलेला उघाडीवाला.
वर्षाला दोन मण भात आणि फळीशी अडकेल ती मासळी,
एवढ्यावर तो समुद्राला अडवून धरायचा.
ओहोटीला फळ्या वर, भरतीला खाली.
शेतातलं गोडं जाऊ द्यायचं, खारं येऊ द्यायचं नाही,
बाकी त्या नोकरीत काही नव्हतं.
झोपही नव्हती.
कुणी आजीला विचारलं, हासुराम जेवला का,
तर ती म्हणे, चंद्राला विचारा.

खांड गेली त्या उधाणाची गोष्ट
दरवेळी वेगळी.
कधी पेंढा-माती घेऊन चाळीस माणसं धावली,
कधी चारशे.
एकदा तर ठाण्याहून कलेक्टर आला, तोही कमरेएवढ्या चिखलात.
एवढं मात्र कधी बदललं नाही :
सकाळी उभ्या भातात निवट्या उड्या मारत होत्या,
सगळा गाव बांधावर डोकं धरून बसलेला,
आणि आज्यानं खाली उतरून त्या धरल्या.
कालवण झालं. बरं झालं होतं, म्हणायचा.

पुढे जमीनच गेली.
साडेबारा टक्के परत मिळणार, असं कुणीतरी वाचून दाखवलं.
टक्के त्याला कळेनात.
बाबा म्हणाले, आठवा हिस्सा.
त्यानं तांदळाची भाकरी ताटात आठ ठिकाणी मोडली,
एक तुकडा खाल्ला,
ताट सरकवलं.
"जेवलो."

सातव्या मजल्यावर आलो तेव्हा मी विचारलं,
आज्या, आपली बिल्डिंग आहे तिथे आधी काय होतं?
"हितं कं नव्हता. हितं पानी थांबायचा."

नळाला पाणी पहाटे साडेपाचला.
अमावस्येला साडेपाच, पंचमीला साडेपाच.
याचा त्याला मनापासून राग.
"यो कंचा पानी? याला तिथी नाय."
रात्री उठून गॅलरीत जायचा,
भरती असली की सरकती काच लावून घ्यायचा,
ओहोटी लागली की उघडायचा.
डास यायचे. एसीचं बिल यायचं.
आई पहिले सहा महिने भांडली,
मग म्हणाली, राहू दे, ड्यूटीवर आहेत.

श्रावणात गेला, वद्य दशमीला.
दशमी, साडेसात.
दवाखान्याच्या कागदावर वेळ अकरा चाळीस.
दोन्हींचा काही मेळ लागतो का, मी पुष्कळ बघितलं.
लागत नाही.

दिवाळीनंतर रंग काढला तेव्हा
स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं. अजून श्रावणावरच होतं.
पुढची पानं उलटली.
भादवा, आश्विन, कार्तिक, पार मार्गशीर्षापर्यंत
प्रत्येक चौकोनात त्याचा बॉलपेन.
आकडा, आणि आकड्यापुढे उभ्या रेघा :
पावाला एक, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन.
वर्षाचं पाणी त्यानं आधीच भरून ठेवलं होतं.

रंगवाल्यानं विचारलं, ताई, रद्दीत टाकू?

आज कार्तिक शुद्ध षष्ठी.
चौकोनात चार, आणि दोन रेघा.
साडेचारला गॅलरीत गेले.
समोर नव्या टॉवरला हिरवी जाळी लावलीय,
खाडी दिसत नाही.
काच लावून घेतली.